घरचे चित्रदर्शन

भवभूतीच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. जनकराजा मिथिलेस परत गेला आहे आणि माहेरचे माणूस गेल्यामुळे सीता खिन्न झाली आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला व रामचंद्रांस भिंतीवर काढविलेली चित्रे पाहावयास बोलावतो. चित्रे अर्जुन नावाच्या एका चित्रकाराच्या हातची. पण काय काढावे हे त्यास सांगितले लक्ष्मणाने. आणि विषय कोणता म्हणाल, तर या तिघांचेच आयुष्य. विवाह, वनवास, जनस्थान, सारे ओळीने. पाहणारे तेच आणि पाहिले जाणारेही तेच.

हा प्रसंग आम्ही वर्गात गोष्टीरूपाने पुष्कळदा सांगितला आहे. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते आणि राम तिला, अगं, हे नुसते चित्र आहे, असा धीर देतात, येथे मुलांस फार मौज वाटे. आमचे लक्ष मात्र निराळ्याच तीन जागांकडे जाई. चित्रे कोठवर आली आहेत असे विचारल्यावर लक्ष्मण अग्निशुद्धीचे नाव काढतो, तोच राम त्यास थांबवितात. पुढे विवाहाच्या चित्रापाशी सीता मिष्किलपणे विचारते की, भावोजी, ही दुसरी कोण? ती असते ऊर्मिला. लक्ष्मण लाजतो आणि सर्वांची दृष्टी भलतीकडेच वळवितो. त्याहीपुढे मंथरेचे चित्र येते. राम त्यावर एक अक्षर बोलत नाहीत. घाईघाईने पुढच्या चित्राकडे बोट करतात. लक्ष्मण मनाशीच हसून म्हणतो की, मधल्या आईची हकीकत यांनी गाळली.

घरच्याच माणसांनी, घरच्याच माणसांसाठी काढविलेल्या चित्रांत अशी तीन ठिकाणे, की जेथून हात चटकन पुढे सरकतो. भवभूती हा आपल्या विदर्भाचा, पद्मपुरचा. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ जे पदमपूर आहे तेच ते गाव, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत होते. या विदर्भपुत्रास घरातल्या माणसांची नस किती अचूक सापडली होती, हे त्या तीन क्षणांवरून कळते.

आता हे पुराण आज कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे. लघुपट काढणाऱ्या तरुण मंडळींची संख्या अलीकडे आमच्या वर्धा जिल्ह्यातही बरीच वाढली आहे. येथील हिंदी विश्वविद्यालयात नाट्य व चित्रपट या विषयांचे रीतसर शिक्षण मिळते; पण ज्यांनी त्या आवाराचे तोंडही पाहिले नाही अशी आर्वी-हिंगणघाटकडची मुले हातातल्या मोबाइलवर दहा-दहा मिनिटांची चित्रे काढतात आणि आम्हांस आणून दाखवितात. अशातच एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात की, या मुलांस स्वतःच्या आयुष्यातले विषय सुचतात तरी कसे? आणि आमचा मुलगा आमच्याच घरावर चित्र काढीन म्हणतो, त्यास आम्ही होय म्हणावे की नाही म्हणावे? पत्राच्या पहिल्या प्रश्नात कुतूहल आहे आणि दुसऱ्यात धाकधूक. दुसरा प्रश्न खरा असे आम्हांस वाटते. पण पहिल्याचे उत्तर दिल्यावाचून त्याकडे जाता येत नाही.

घरच्या वस्तूवर लहानसे चित्र काढणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्रीबुवांचे चिरंजीव धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा राजा हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी जे काढले ते एका वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे चित्र. कुंडीत वाटाणा पेरावयाचा, कॅमेरा समोर रोवून ठेवावयाचा आणि महिनाभर थोडे थोडे टिपीत राहावयाचे. पडद्यावर मात्र ते रोप मिनिटाभरात डोळ्यांदेखत वर येई. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून हा खटाटोप होता, हे खरे. परंतु पाहा, ज्याच्याजवळ नट नाहीत, रंगमंच नाही, पैसा नाही, त्याची दृष्टी कोठे गेली? घरातल्या कुंडीकडे. पुढच्याच वर्षी हरिश्चंद्रपटात रोहिदासाच्या कामास मूल हवे होते, ते काम त्यांच्याच भालचंद्राने केले. आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला. या माउलीचे नाव आमच्या भगिनींनी विसरू नये. दागिने तिचेच गहाण पडले होते.

आजच्या स्वतंत्र लघुपटकारांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. मोठ्या चित्रसंस्थेचा आधार नाही म्हणूनच ते स्वतंत्र. घर आपले, म्हणून भाडे नाही; आत्या, मामा, शेजारची वहिनी हेच नट, म्हणून वेतन नाही. शिवाय दहा मिनिटांत माणसाचे सबंध चरित्र मावत नाही. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. तेव्हा दहा पानांत काय सांगावयाचे? एक दिवस, एक वस्तू, फार तर एक खोटे बोलणे. गरिबी आणि आखूडपणा या दोन्ही गोष्टी कलावंतास ओढून आपल्या स्वयंपाकघरात आणून सोडतात. प्रेरणा, प्रतिभा हे शब्द मोठे आहेत. पण आरंभी पुष्कळदा अशी अडचणच असते.

उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म संस्थेत असताना काढलेल्या ‘गिरणी’ या लघुपटाचा विषय काय, तर आईने चरितार्थासाठी घरात घेतलेली पिठाची गिरणी आणि तिच्या घरघरीने पिसाळून जाणारा मुलगा. इराणात अब्बास कियारोस्तामी नावाचे फार थोर दिग्दर्शक होऊन गेले. त्यांचे १९७० सालचे पहिले चित्र दहा-अकरा मिनिटांचे आहे. एक मुलगा भाकरी घेऊन गल्लीतून घरी चालला आहे आणि वाटेत कुत्रे आडवे आले आहे, संपले कथानक. हा प्रसंग त्यांच्या भावाने सांगितलेला. ज्या संस्थेसाठी त्यांनी ते काढले ती मुलांच्या बौद्धिक वाढीसाठी स्थापन झालेली सरकारी संस्था होती, हे आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास अंमळ जास्तच आवडते. भावाच्या तोंडून असला प्रसंग ऐकून आपण हसून सोडून देतो. त्यांनी सोडला नाही.

आणि शाळेचा विषय निघालाच आहे, तर नागराज मंजुळे यांच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. सोलापूर जिल्ह्यात करमाळे तालुक्यातील जेऊर हे त्यांचे गाव. तेव्हाच्या अहमदनगरास शिकत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा शाळेसाठी आसुसलेल्या एका गरीब पोराचा लघुपट केला; त्यास २०१० सालच्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कृतीबद्दलचा मान मिळाला. पुढे ‘सैराट’ने त्यांचे नाव घरोघर गेले. त्यानंतर बडे बडे निर्माते दाराशी आले असताही ते पुन्हा लघुपटाकडे वळले आणि त्यांनी ‘पावसाचा निबंध’ काढला. २०१७ सालच्या राष्ट्रीय पारितोषिकांत कथापटेतर विभागातील दिग्दर्शनाचे पारितोषिक त्यास मिळाले.

त्यात गुरुजी पावसावर निबंध लिहून आणावयास सांगतात. आता पावसाचा निबंध म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत विचारावे. धरित्रीने हिरवा शालू नेसलेला असतो, मोर नाचत असतो, बळीराजा आनंदलेला असतो, आणि शेवटी इंद्रधनुष्य निघते. तीस-पस्तीस वर्षांत आम्ही असे हजारो शालू आणि हजारो मोर तपासले आहेत. वर्ध्याच्या पोरांनी मोर पाहिला नसेल असे नाही. बोरच्या जंगलाकडे तो पुष्कळ आहे. पण निबंधातला मोर हा जंगलातून येत नाही, मार्गदर्शिकेतून येतो. मंजुळ्यांच्या चित्रातील मुलाच्या घराचे छप्पर गळत आहे आणि दारू पिऊन बाप पावसात पडलेला आहे. पाऊस तोच. वहीत उतरावयाचा पाऊस आणि डोक्यावर पडणारा पाऊस यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात ते सारे चित्र उभे आहे. स्वतःच्या गोष्टीचा उगम कोठे शोधावा असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू की, आपल्या निबंधात जे लिहावयाचे आपण टाळले, तेथे.

हे बोलणे सोपे आहे. घडते कसे, याचा एक अनुभव सांगतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे चिरंजीव, देवळी तालुक्यातले, आता पस्तिशीला आलेले, नागपुरास एका कचेरीत नोकरीस आहेत. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे एक पटकथा घेऊन आले. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर लघुपट काढावयाचा होता. विषय खोटा कोण म्हणेल? याच जिल्ह्यातल्या डोरली गावाने २००५ साली ‘गाव विकणे आहे’ असे फलक लावले होते आणि देशभरचे वार्ताहर कॅमेरे घेऊन तेथे धावले होते. आम्ही पटकथा वाचली. तीत कोरडी विहीर होती, झाडाला दोर होता, विजा होत्या, आणि मोठ्या मिशांचा एक सावकार होता.

आम्ही विचारले, “तुमच्या घरी असा सावकार येत असे काय?”

“नाही, गुरुजी. आमची उधारी कृषी केंद्रात राहायची. दुकानदार तर बाबांचा वर्गमित्रच होता.”

“मग या मिशा कोणाच्या?”

ते हसले. म्हणाले, “सिनेमातल्या.”

मग आम्ही पटकथा बाजूस ठेवली आणि कापसाच्या गोष्टी काढल्या. ज्या वाचकांनी वऱ्हाड-वर्धा पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, १९७२ पासून पुढे सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालावयाचा. हंगामात जिनिंगच्या दाराशी बंड्यांची रांग लागे ती थेट सडकेवर येई. थंडीत माणसे रात्री बंडीतच, कापसावर निजत. नंबर आला म्हणजे ग्रेडर बंडीत हात घाली, मूठभर कापूस ओढून उजेडात पाही आणि प्रत सांगे. त्या एका शब्दावर वर्षाचा भाव ठरे. चुकारा मागाहून.

आमच्या या तरुण मित्रास चौथीत असताना बापाने एकदा बंडीवर सोबत नेले होते. दोन रात्री रांगेत गेल्या. कापसात निजल्यावर इतकी ऊब लागते की सकाळी उठावेसे वाटत नाही, हे त्यांस चांगले आठवत होते. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने खालची प्रत लावली. बाप काही बोलला नाही. परत येताना त्याने पोरास जिलबी घेऊन दिली, आणि घरी आल्यावर बायकोस सांगितले की, मालाला वरची प्रत लागली. चार दिवसांनी सदरा धुवावयास घेताना तिच्या हातास खिशातली पावती लागली. तिला आकडे वाचता येत होते. तिने ती उन्हात वाळविली, डब्यात ठेवली, आणि त्याविषयी नवऱ्यास कधीही विचारले नाही. पोराने दोन्ही पाहिले होते. बापाचे खोटेही आणि मायेचे गप्प राहणेही.

हे सांगून झाल्यावर ते म्हणतात, “पण यात दाखवण्यासारखं काय आहे, गुरुजी? यात तर काहीच होत नाही.”

येथे आम्हांस रामचंद्रांचे ते घाईने पुढे झालेले बोट आठवले. माणूस आपल्या आयुष्यातली जी पाने उलटीत जातो, त्यांत काही पाने दोन-दोन एकदम उलटतात. तेथे बोट घालून ती सोडविण्याची ज्यास सवय लागते, त्यास विषयांचा तुटवडा पडत नाही. विषय सुचण्यासाठी डोंगरावर जावे, एकांतात राहावे, परदेशी चित्रे पाहावी, असे सल्ले पुष्कळ मिळतात. ते वाईट नाहीत. पण शेजारच्या माणसास सहज बोलता बोलता जे आपण ‘काहीच नाही’ म्हणून सांगतो, ते दुसऱ्याने ऐकून घेतले की त्याचे वजन कळते. म्हणून अशा कामास एक ऐकणारा लागतो. बहुधा घरातल्या माणसास तेवढी फुरसत नसते.

संस्कृत साहित्यशास्त्राने या बाबतीत एक फार मोलाची गोष्ट सांगून ठेवली आहे. क्रौंचाची जोडी फुटली, वाल्मीकीस शोक झाला आणि त्याचा श्लोक झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यावर अभिनवगुप्त म्हणतात की, हा शोक मुनीचा स्वतःचा खाजगी शोक मानू नये. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ असता तर काव्य झालेच नसते. हे ऐकून नवी मंडळी गोंधळतात. गोष्ट स्वतःची हवी म्हणता आणि शोक स्वतःचा नको म्हणता, हे कसे? आमची समजूत अशी की, प्रसंग आपला असावा, परंतु त्यातला आपला दावा सुटलेला असावा. बापाने खोटे सांगितले याचा राग, किंवा बाप किती सोसत होता याचा उमाळा, यांपैकी काहीही अंगावर ताजे असताना काढलेले चित्र बापाविषयीचे राहत नाही, फिर्याद होते किंवा मृत्युलेख होतो. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे आजही हातातून खाली ठेववत नाहीत, याचे एक कारण हेच की, एवढे सोसलेल्या बाईने स्वतःवर हसण्याइतके अंतर मिळविले होते. आमच्या मित्रास पंचवीस वर्षांनी ते अंतर आपोआप मिळाले होते. एवढी वर्षे सर्वांसच लागतात असे नाही. पण कालच्या भांडणावर आज लघुपट काढणाऱ्यांनी थोडे थांबावे.

वडील आता नाहीत. आई गावीच असते. पटकथा नव्याने लिहिल्यावर ते तिला विचारावयास गेले, आणि तिने नकार दिला. सगळा नकार नव्हे. रांग दाखव, ग्रेडर दाखव, जिलबीही दाखव, असे तिने सांगितले. पावतीचे मात्र दाखवू नकोस. तिचे शब्द त्यांनी आम्हांस जसेच्या तसे सांगितले ते असे: “मले ठाऊक होतं, हे त्याले कधी कळू देल्लं नाही मी. आता तू साऱ्या गावाले काऊन सांगतं?”

वाचकांनी याचा विचार करावा. ज्या एका गोष्टीमुळे ते चित्र काढण्याजोगे होते, तीच काढू नको म्हणते आहे, आणि म्हणणारी दुसरी कोणी नसून जिची ती गोष्ट आहे ती. कला मोठी की आई मोठी, असले वादविवाद आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनांत पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांत टाळ्याही पडतात. येथे टाळ्यांचा उपयोग नव्हता. ते पुन्हा आमच्याकडे आले तेव्हा आम्ही त्यांस सेवाग्रामची एक हकीकत सांगितली.

गांधीजी १९३६ साली शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास आले. त्यांच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी आश्रमात हिशेब-पत्रव्यवहाराचे काम पाहत. त्यांस छायाचित्रे काढण्याची इच्छा झाली. आश्रमाजवळ पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यांत कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. लखलखाटाचा कृत्रिम प्रकाश टाकावयाचा नाही. अमुक असे बसा, तमुक तसे पाहा म्हणावयाचे नाही. आणि आश्रम या कामास पैसा देणार नाही. या अटींत राहून कनूभाईंनी गांधीजींची चित्रे १९४८ पर्यंत काढली. ज्यांनी ती पाहिली असतील त्यांच्या ध्यानात आले असेल की, त्यांत गांधीजी आपल्याकडे क्वचितच पाहतात. कामात असतात, चालत असतात, कित्येकदा पाठमोरे असतात. प्रकाश नाही, बसविणे नाही, पैसा नाही. आमच्या लघुपटकारांनी या तीन अटी भिंतीवर लिहून ठेवल्या तरी चालेल. पहिल्या आणि तिसरीच्या बाबतीत त्यांस पर्याय नाहीच. दुसरी मात्र ते वारंवार मोडतात.

पण आमच्या मित्रास आम्ही सांगितले ते पुढचे. इतके दिवस इतक्या जवळ राहणाऱ्या या घरच्या माणसासही काही वेळा गांधीजींनी नको म्हटले. पुण्यास आगाखान महालात १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गांधीजींच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होत्या, तेव्हा चित्र काढू दिले नाही. कनूभाईंनी ते काढले नाही. जगातील कोणत्याही वृत्तपत्राने त्या चित्रासाठी काय दिले नसते! ते चित्र नाही, म्हणून कनूभाईंच्या संग्रहात काही उणे आहे असे आम्हांस कधी वाटले नाही.

यावर आमचे मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाठमोरी घेतली तर?”

चित्र पुढच्या दिवाळीनंतर, वेचणी झाल्यावर काढले. बंडी मिळण्यास फार त्रास पडला. गावोगाव ट्रॅक्टर झाल्यामुळे चांगली बंडी शोधावयास दोन तालुके हिंडावे लागले. रात्रीची रांग तीन बंड्यांचीच आहे, पण एका ट्रॅक्टरचा दिवा लांब उभा करून घेतल्यामुळे ती पुष्कळ मोठी भासते. चित्र नऊ मिनिटांचे आहे. शेवटच्या दीड मिनिटात चुलतवहिनी धुणे धूत आहेत आणि आपण त्यांच्या पाठीमागे आहोत. सदरा उचलतात, हात थांबतो. पावती दिसत नाही, चेहरा दिसत नाही. थोड्या वेळाने सदरा पाण्यात पडल्याचा आवाज येतो. ज्यास कळावयाचे त्यास कळते. आमच्या पत्नीस कळले. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांस कळले नाही, त्यांनी विचारले की, बाई थांबल्या का?

आईने ते घरच्या भिंतीवर पाहिले. तिला चालले. पाहून झाल्यावर तिची तक्रार एवढीच होती की, सदरा पांढरा घेतला आहे. तो निळ्या रेघांचा होता.

नागपुरास एका स्पर्धेत त्यास काही मिळाले नाही. तेथे ज्या चित्रास पहिले पारितोषिक मिळाले त्यात, आम्ही ऐकतो, विजा होत्या.

आता वाचक भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यावयाचे. आपल्या पांढरपेशा घरांतून झाकून ठेवण्याची सवय फार. सोवळ्यात राहिलेली आजी, घर सोडून गेलेला काका, मोडलेले लग्न, वाटण्यांचा कज्जा. विषय निघाला की कोणीतरी चहा ठेवावयास उठते. मुलास ‘नाही’ म्हणून सांगितले तर तो गप्प बसेल, पण त्याची दृष्टी तेथून हलणार नाही. ‘होय’ म्हणून सोडून दिले तर ज्या माणसाची गोष्ट आहे त्यास विचारावयाचे राहून जाईल. म्हणून आमचे मत असे की, मुलास आधी त्या माणसासमोर बसवावे. आजी हयात असेल तर आजीसमोर. कॅमेरा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. ती काय सांगते ते ऐकावे, आणि कोठे तिचा हात घाईने पुढे सरकतो ते पाहावे. मग विचारावे. ती जेवढे देईल तेवढे घ्यावे. जे देणार नाही त्याच्या पाठीमागे उभे राहून काही दिसते काय ते पाहावे. जी माणसे गेली आहेत त्यांच्या बाबतीत हे विचारणे घरातल्या वडिलांनी त्यांच्या वतीने करावे. हे काम वडिलांनी टाळू नये. मुलास रागावणे त्यापेक्षा सोपे असते म्हणून ते रागावतात.

चित्रदर्शनाच्या शेवटी काय होते, हेही सांगून ठेवतो. चित्रे पाहून सीतेस ती वने, ती भागीरथी पुन्हा पाहावीशी वाटते. ती तसे म्हणते, आणि त्याच इच्छेचे निमित्त करून तिला वनात सोडले जाते. घरची चित्रे घरच्यांस दाखविणे हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही, हे भवभूतीस बाराशे वर्षांपूर्वी कळत होते, आणि तरीही त्याने नाटकाचा आरंभ तेथूनच केला.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. पुष्कळ घरांतून माळ्यावर ट्रंकेत जुने फोटो असतात आणि त्यांतील निम्म्या माणसांची नावे आता एकाच म्हाताऱ्या माणसास ठाऊक असतात. मुलगा चित्र काढो वा न काढो, या सुट्टीत ती ट्रंक खाली काढावी. नावे फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत. शाईने लिहू नयेत. काही वर्षांनी ती पुढच्या बाजूस, चेहऱ्यावर उमटते.